आदिलाबादच्या रानात कॉफी पिकेल का?

प्रश्न : आमची शेती आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीच्या बाजूला. कापूस, सोयाबीन आणि तूर घेतो. घरचीच चार माणसे राबतात. दिवाळीला मुलगा हैदराबादहून अराकूच्या कॉफीचे पाकीट घेऊन आला. पाव किलोची किंमत ऐकून आईचा विश्वासच बसेना. मुलगा म्हणाला, ही कॉफी आपल्यासारख्याच घरांनी एक-दोन एकरांत पिकवलेली आहे. तेव्हापासून घरात हाच विषय चालू आहे. या कॉफीत एवढे काय असते? ते शेतावर घडते की कारखान्यात? आणि ती आमच्या रानात का लावू नये?
— एक वाचक, इंद्रवेल्ली

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन उत्तरे त्यातूनच निघतात. उत्तम कॉफीची चव शेतावर घडते. पुढे भाजणारा आणि कॉफी करणारा ती चव राखू शकतो, खुलवू शकतो. पण शेतावर बिघडलेली बी नंतर कोणालाच दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच या धंद्यात चार माणसांच्या घराला जागा आहे.

एवढे काय असते?

‘स्पेशालिटी’ म्हणवून घेण्यासाठी कॉफीला परीक्षा द्यावी लागते. अनेक वर्षे रूढ असलेली पद्धत अशी : हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांचा ३५० ग्रॅमचा नमुना टेबलावर पसरून दाणा न् दाणा पाहतात. पूर्ण काळा पडलेला, आंबून कुजलेला किंवा बुरशी धरलेला दाणा एकही चालत नाही. फुटका, किडीने थोडा टोचलेला अशा किरकोळ दोषांनाही पाचाची मर्यादा असते. मग ती बी हलकी भाजून भरड दळतात, पाच कपांत घालून वर गरम पाणी ओततात आणि प्रशिक्षित परीक्षक चमच्याने चव घेतात. याला कपिंग म्हणतात. सुगंध, चव, घोट गिळल्यावर मागे राहणारी चव, आंबटपणा, जिभेवरचा भरीवपणा, गोडवा, स्वच्छपणा अशा दहा बाबींना गुण मिळतात. १०० पैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी.

पाच कप ठेवण्यामागेही विचार आहे. पाचही कप सारखेच लागले पाहिजेत. पोत्यात कुजके दाणे थोडेसेच मिसळले असले, तरी एखाद्या कपात ते बरोबर उघडे पडतात आणि गुण कापले जातात. त्यामुळे परीक्षा सरासरीची नसते, सगळ्या मालाच्या सारखेपणाची असते.

किराणा दुकानातल्या स्वस्त पुड्याशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा आपला नियम आहे; म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीला दाटपणा आणि रंग येतो तो तिच्यामुळे, आणि तो आवडणारे पुष्कळ आहेत. पण त्या पुड्याची आणि तुमच्या पाकिटाची किंमत शेजारी ठेवताना दोन वेगळे माल तोलतो आहोत, याचे भान हवे.

ते शेतावर कसे घडते?

कॉफीचे झाड लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. उन्हाळ्याच्या तोंडाशी एखादी चांगली सर पडली, की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो आणि जाई-जुईसारखा वास सुटतो. फुले दोन-चार दिवसच टिकतात. पुढे अरेबिका जातीचे फळ पिकायला आठ-नऊ महिने घेते, रोबस्टाचे दहा-अकरा. आपल्या देशात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते आणि रोबस्टाची तिच्यामागून येते.

अडचण अशी, की एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एका वेळी लागलेली असतात. कच्च्या फळाच्या बीची कॉफी तुरट लागते, तिला गवताचा वास येतो. झाडावर वाळून गेलेल्या फळाची आंबूस लागते. म्हणून गर्द लाल झालेले तेवढेच फळ बोटांनी तोडायचे, बाकीचे ठेवायचे आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच झाडाकडे पुन्हा यायचे. अशा तीन-चार फेऱ्या तरी होतात. पहिल्या वेचणीचा पांढरा स्वच्छ कापूस आणि फरदडीचा कवडी कापूस तुम्ही एका गंजीत टाकत नाही, तसेच हे आहे. रोजंदारीवर किलोने तोडणारा मजूर फांदी ओरबाडतो, कारण त्याचे पोट वजनावर भरते. घरचे माणूस थांबू शकते. चवीची पहिली पायरी इथे आहे.

तोडलेली फळे त्याच दिवशी हाताळावी लागतात. रात्रभर पोत्यात राहिली तर ती तापतात आणि नको तसे आंबणे सुरू होते. आधी ती पाण्यात टाकतात. पोकळ, किडकी फळे तरंगतात, ती वेगळी काढली जातात. पुढे तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली धुण्याची वाट. पल्पर नावाच्या यंत्रात फळाची साल आणि गर निघतो. गावपातळीवर हाताने फिरवायचा पल्परही चालतो. आतल्या दोन बियांवर बुळबुळीत थर उरतो. हा थर सुटावा म्हणून बिया हौदात ठेवून आंबवतात. अरेबिकाला हवामानाप्रमाणे साधारण एक ते दीड दिवस लागतो. थर सुटला की नाही, हे हातच सांगतो : मूठभर बिया चोळल्या की त्या निसरड्या न लागता खडबडीत लागतात आणि खडखडतात. त्या क्षणी धुवायचे. काही तास जास्त झाले तर सगळ्या हौदाला कुजका वास धरू शकतो. अशा कॉफीची चव स्वच्छ आणि हलकी आंबट असते.

दुसरी वाट अख्खे फळ सालीसकट वाळवण्याची. पाणी जवळपास लागत नाही आणि फळाचा गोडवा बीत उतरतो. मात्र वाळायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ढगाळ हवेत बुरशीचा धोका मोठा असतो. तिसरी वाट या दोन्हींमधली : साल काढायची, पण चिकट थर बीवर ठेवूनच वाळवायचे. याला हनी पद्धत म्हणतात, पण त्यात मधाचा थेंबही नसतो. वाळताना तो थर मधासारखा चिकट होतो, एवढेच.

वाटा तिन्ही चांगल्या आहेत. त्या जमतात की फसतात, हे वाळवणीत ठरते. बी जमिनीवर पसरली तर तिला मातीचा वास लागतो, म्हणून कमरेइतक्या उंचीवर जाळीचे मांडव बांधतात, म्हणजे हवा खालूनही खेळते. थर पातळ ठेवायचा, दिवसातून अनेकदा हात फिरवायचा, ऐन दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकायचे. फार वेगाने वाळली तर बीवरचे पातळ टरफल तडकते आणि बी असमान सुकते. फार सावकाश वाळली तर बुरशी येते. ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला की थांबायचे. आता ओलावा मोजायचे यंत्र मिळते. जुनी माणसे दाताखाली धरून ओळखत. साठवण हवेशीर खोलीत, खत, रॉकेल, मसाले यांच्यापासून लांब, कारण कॉफी वास फार लवकर ओढून घेते.

एक काम बहुतेक जण विसरतात. धुण्याचे पाणी आंबट आणि सेंद्रिय घाणीने भरलेले असते. ते ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. ते खड्ड्यात अडवून चुन्याने निवळावे लागते. सालीचे मात्र चांगले कंपोस्ट होते.

आता तुमच्या आईला किमतीचा हिशेब सांगा. अरेबिकाची साधारण सहा किलो लाल फळे घेतली, तर एक किलो हिरवी बी हाती लागते. भाजताना तिचे वजन आणखी १५ ते २० टक्के घटते. म्हणजे पाव किलोच्या त्या पाकिटात जवळपास पावणेदोन-दोन किलो फळे आहेत, प्रत्येक हाताने निवडून तोडलेले. भारतात अरेबिकाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी ५०० किलो हिरव्या बीच्या आतच असते. म्हणजे ते एक पाकीट एक-दोन झाडांची अख्ख्या वर्षाची कमाई आहे. पैशाचा मोठा वाटा भाजणारा, वाहतूकदार आणि दुकानदार घेतात, हे खरे. पण फळ निवडून तोडले नसते तर वाटून घ्यायला ती किंमतच उभी राहिली नसती.

अराकूला का जमले?

अराकू आंध्र प्रदेशच्या पूर्व घाटात, आताच्या अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्यात आहे. कॉफीचे बरेचसे मळे समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहेत. तिथे आदिवासी कुटुंबे डोंगर उतारावर पोडू, म्हणजे फिरती शेती करत. ती कमी व्हावी, डोंगर झाकलेला राहावा आणि घराला दरवर्षी उत्पन्न मिळावे म्हणून वनखाते, कॉफी बोर्ड आणि पाडेरूची आयटीडीए, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास संस्था, यांनी सावलीतली कॉफी वाढवली. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांखाली कॉफी, आणि त्या झाडांवर मिरीचे वेल, अशी रचना आज तिथे दिसते. एक पीक पडले तर दुसरे हात देते.

एका घराकडे एक-दोन एकर कॉफी असली, तर त्याने स्वतःचा पल्पर, हौद, मांडव आणि परीक्षक कुठून आणावा? हे कोडे सहकाराने सोडवले. शेतकऱ्याने लाल फळ आणायचे आणि धुणे-वाळवणे सामाईक केंद्रावर व्हायचे, अशी घडी नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने बसवली. १९५६ साली स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळही तिथे कॉफी विकत घेते. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये अराकू कॉफीचे दुकान उघडले आणि २०१९ मध्ये ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळाले. मुलाने आणलेल्या पाकिटामागे उंच डोंगर आहे, घरच्यांचे हात आहेत आणि गावाची संस्था आहे. यातले एक जरी नसते, तरी ते पाकीट त्या भावाने हैदराबादेत विकले गेले नसते.

मग आपल्या रानात?

इथे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो : कापूस काढून कॉफी लावू नका.

अरेबिकाला आपल्या देशात साधारण १,००० ते १,५०० मीटर उंची लागते आणि १५ ते २५ अंश तापमान मानवते. रोबस्टा ५०० ते १,००० मीटरवर आणि २० ते ३० अंशांत चांगली येते. आदिलाबाद शहर २६४ मीटरवर आहे. आपल्या सातमाळा रांगेचे माथेही हजार मीटरच्या खूप खाली राहतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कोरडे, तापलेले वारे वाहतात. त्यात अरेबिकाची पाने करपतात आणि फूल नीट उमलत नाही. उन्हाला थोडी जास्त तग धरणारी रोबस्टा लावावी म्हटले, तर डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पाच-सहा अंशांपर्यंत थंडी उतरते आणि रोबस्टाला ती सोसत नाही. सावलीची झाडे ऊन काही अंशांनी कमी करतील, ठिबक मुळांना पाणी देईल. पण मे महिन्याची तापलेली हवा आणि जानेवारीची थंडी या दोन्ही टोकांपासून झाड वाचवणे कठीण आहे.

पाऊसही वेगळा आहे. तुमचा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. कॉफीला फुलण्यासाठी फेब्रुवारी-एप्रिलमध्ये एक सर आणि फळ धरण्यासाठी काही दिवसांनी दुसरी सर हवी. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये रोबस्टाचे मळेवाले पाऊस चुकला तर तुषार सिंचनाने फुले आणतात. त्या काळात तुमच्या विहिरी कुठे असतात, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. शिवाय कॉफीला थोडी आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळ्याने भरलेली जमीन लागते. कापसाची काळी जमीन अल्कधर्मी, पावसात पाणी धरून बसणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. ज्या गुणांसाठी कापूस तिच्यावर खूश असतो, तेच कॉफीच्या मुळांना नको असतात.

उंचीचा हा हिशेब डोळ्यांनी पाहायचा असेल तर चिखलदऱ्याला जा. अमरावती जिल्ह्यात, गाविलगडाच्या डोंगरात सुमारे १,१०० मीटरवरचे हे गाव. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण तेच. खाली परतवाडा-अचलपूरला वऱ्हाडातला तोच उन्हाळा, तीच काळी माती आणि तोच कापूस. घाट चढून वर गेले की कॉफीची झाडे सावलीत उभी. हवा दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी थंड होते. आदिलाबाद आणि चिखलदरा यांच्यात साडेआठशे मीटरचा फरक आहे, म्हणजे पाच-एक अंशांचा. एवढ्याने कॉफी जगते. उंचीमुळे तिथे फळही सावकाश पिकते आणि बी घट्ट भरते. पण तिथेही कॉफीचे क्षेत्र थोडेच राहिले. डोंगराच्या माथ्यावर जागा असते ती तेवढीच.

घरच्यांची हौस मात्र मारू नका. परसात, विहिरीजवळ, आंब्याच्या किंवा फणसाच्या दाट सावलीत रोबस्टाची चार रोपे लावा. उन्हाळ्यात आच्छादन करा, थंडीच्या रात्री झाका. रोबस्टाला परपरागीकरण लागते, म्हणून एकटे झाड लावू नका. दुकानातली भाजलेली बी उगवत नाही आणि हिरवी बीसुद्धा काही महिन्यांत उगवण गमावते, म्हणून ताजे बियाणे किंवा रोपेच आणावी लागतात. कॉफी बोर्डाची मुख्य संशोधन संस्था कर्नाटकात बाळेहोन्नूरला १९२५ पासून आहे. तुम्हाला भाषेने आणि वाटेने सोयीचे म्हणजे आंध्रातले आर. व्ही. नगरचे त्यांचे प्रादेशिक केंद्र. मुलाला तोडणीच्या दिवसांत तिकडे किंवा अराकूला पाठवा. त्याने झाड पाहण्यापेक्षा मांडवावरची वाळवणी नीट पाहावी, कारण तुमच्या उपयोगाचे ज्ञान तिथे आहे.

ते कसे, हे सांगतो. तुमच्या रानात आणि बांधावर मोहाची झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. वेचायला सोपे जावे म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात. मग फुलांना राख आणि माती लागते, आगीने रोपटीही मरतात. हाच माल व्यापारी पडत्या भावाने नेतो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्या वर झेलतात. ती फुले स्वच्छ राहतात, मांडवावर वाळतात, खाण्याच्या प्रतीची म्हणून वेगळी विकली जातात आणि त्यांना जास्त भाव मिळतो. तुमच्या शेजारी उटनूरला आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहाचे लाडू बनवते. चांगल्या फुलाला गिऱ्हाईक जिल्ह्यातच उभे आहे.

कॉफीवाल्याचे सगळे नियम इथे जसेच्या तसे लागू होतात : माल जमिनीला लागू द्यायचा नाही, वेचला त्या दिवशीच हाताळायचा, चांगला-वाईट एकत्र करायचा नाही, पातळ थरात हलवत वाळवायचा, ओलावा मोजून थांबायचे आणि प्रत्येक झाडाचा, प्रत्येक दिवसाचा माल चिठ्ठी लावून वेगळा ठेवायचा. वाळवणीला तर तुमची हवा अराकूपेक्षाही चांगली. डिसेंबरातल्या धुक्यात तिथले शेतकरी मांडवावर ऊन पडायची वाट पाहतात. तुमच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फूल लवकर सुकते. फक्त दुपारचे ऊन टाळून सावलीच्या जाळीखाली वाळवा, म्हणजे रंग आणि गोडवा टिकेल.

सुरुवात यंदाच्याच हंगामात करा. दोन झाडांखाली जाळी बांधा, बाकीची फुले नेहमीप्रमाणे वेचा. दोन्ही माल वेगवेगळे वाळवा, वेगवेगळे तोला आणि दोन्हींचे नमुने घेऊन उटनूरला आयटीडीएच्या कचेरीत आणि त्या महिलांच्या संस्थेत जा. भावातला फरक तुमच्या आईच्या हाती ठेवा. तो चांगला निघाला तर पुढच्या वर्षी शेजारच्या चार घरांना सोबत घ्या, कारण एका घराचा उत्तम माल व्यापाऱ्याला थोडा वाटतो, पाच घरांचा मिळून त्याला घ्यावासा वाटतो. अराकूच्या माणसांनीही एकमेकांना धरूनच हा भाव मिळवला आहे.